मालमच्या गाण्यातल्या दोन ओळी

९ जानेवारी, शुक्रवार

काय घडलं ते आधी क्रमाने.

१. सोमवारी सकाळी जुनेदचा मेसेज आला : 'पुढचे काही दिवस नेट मिळेल न मिळेल. कलमांना फवारणी झाली का?'
२. त्यानंतर मेसेज नाही.
३. जहाजांचा ठावठिकाणा दाखवणाऱ्या साइटवर त्याच्या जहाजाचा ठिपका मंगळवारपासून एकाच जागी आहे.
४. आज कंपनीच्या मुंबईतल्या एजंटला फोन केला. सध्या त्या भागातून जाताना जहाजं सुरक्षेसाठी स्वतःहून सिग्नल बंद ठेवतात, असं ते म्हणाले. तसा नियमच आहे.
५. घरी येऊन हे अम्मींना, म्हणजे सासूबाईंना, सांगितलं. त्या 'बरं' म्हणाल्या आणि सांदणं करायला बसल्या. संध्याकाळभर हसत होत्या.
६. वरील गोष्टींचा माझ्या कामाशी संबंध नाही.

ही दैनंदिनी कामाची नोंद म्हणून सुरू केली होती. जुनेद माझा नवरा असून मालवाहू जहाजावर थर्ड इंजिनिअर आहे. एवढा उल्लेख पुरे.

कामाची स्थिती : अहवालाचा माझा भाग जवळजवळ लिहून झाला आहे. महिनाअखेर पुण्याला पाठवायचा आहे.

११ जानेवारी, रविवार

आज स्वानंदी मॅडमशी तासभर बोलणं झालं. त्या आमच्या प्रकल्पाच्या प्रमुख. मानसशास्त्र हा त्यांचा विषय, मी संगणकाची. प्रकल्प सांगायला सोपा आहे. गेलेल्या माणसांना प्रश्नावली देता येत नाही, पण त्यांनी गाणी, चित्रं, कहाण्या मागे ठेवल्या आहेत. त्यातून त्यांची मनं किती वाचता येतात ते पाहायचं. कोणी भिंतीवरची चित्रं घेतली, कोणी कीर्तनं. माझ्या वाट्याला ह्या किनाऱ्यावरच्या दर्यावर्दी मुसलमान घरांतल्या बायकांची गाणी आली. नवरे गलबतांवर बसऱ्याला, एडनला जायचे आणि ह्या मागे गायच्या.

गाण्यांच्या कॅसेट आप्पांच्या. आप्पा इथल्या शाळेत शिक्षक होते. चाळीसेक वर्षांपूर्वी राजिवडा, कर्ला, मिरकरवाडा अशा इथल्या मोहल्ल्यांत घरोघर फिरून त्यांनी बायकांकडून गाणी म्हणवून घेतली. आता आप्पा नाहीत, गाणाऱ्या बायकाही नाहीत. मी कॅसेट संगणकावर चढवल्या, आवाज स्वच्छ केला, शब्द उतरवले आणि प्रत्येक शब्द कुठल्या भावनेकडे झुकतो ते प्रोग्रॅमकडून मोजून घेतलं.

निकाल : थट्टा भरपूर. ओढ भरपूर. भीती जवळजवळ नाही.

घाटावरच्या जात्यावरच्या ओव्यांना हीच पद्धत लावली तर भीती कितीतरी जास्त निघते. मॅडम खूश आहेत.

"विचार कर हुदा, नवरा शिडाच्या जहाजात आणि बाई इथे टिंगल करतेय! निर्भय बायका गं. प्रकरणाचं नाव तेच ठेव."

"शून्याच्या इतक्या जवळचा आकडा मला आवडत नाही, मॅडम. यंत्र बिघडलं तरी शून्यच येतं."

"तुम्ही इंजिनिअर लोक आनंदसुद्धा तपासून घेता. घरी सगळे बरे?"

"हो."

ज्या गाण्यावर निकाल सगळ्यात जास्त उभा आहे ते मालमचं गाणं. मालम म्हणजे गलबताची वाट ठरवणारा. जवळजवळ प्रत्येक कॅसेटमध्ये ते आहे :

*माझा मालम गेला दर्यावर,*
*आणील काय गो, आणील काय?*
*बसऱ्याचा खजूर, एडनचा अत्तर,*
*आणील काय गो, आणील काय?*
*सगळ्यांत जड त्याचा उशीर गो,*
*तोच उतरवील पयला.*

थोड्या कॅसेटमध्ये अत्तरानंतर दोन ओळी जास्त आहेत, फिरलेल्या वाऱ्याबद्दल आणि फाटलेल्या शिडाबद्दल. बहुसंख्य बायकांच्या गाण्यात त्या नाहीत, म्हणून नंतरची भर समजून मी त्या मोजणीतून वगळल्या आहेत. अहवालात तशी तळटीप आहे.

१२ जानेवारी, सोमवार

प्रोग्रॅम बिघडला आहे का ते पाहण्यासाठी आजचा एखादा मजकूर देऊन बघायचा होता. हाताशी ही दैनंदिनी होती. कामाबद्दलचा भाग काढून बाकीचा दिला. निकाल : भीती नाही, चिंता नाही. लिहिणारी व्यक्ती शांत, वस्तुनिष्ठ.

म्हणजे प्रोग्रॅम ठीक आहे.

फोनचा रिंगटोन बदलून मोठा केला. आधीचा मागच्या पडवीत ऐकू येत नव्हता. आंघोळीला जाताना फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून आत नेते. ओलावा लागला तर दुरुस्ती महाग पडते.

१४ जानेवारी, बुधवार

शेजारच्या आनंदीबाई तिळाच्या वड्या घेऊन आल्या. अम्मींची आणि त्यांची पन्नास वर्षांची मैत्री आहे.

"झुबेदा, जुनेदनं काही कळवलान का गो?"

"त्याला कुठला वेळ! कुठल्या बंदरात मडमा बघत बसला असेल."

"त्या बघतील तर पळून जातील. पोट बघितलंस त्याचा?"

दोघी इतक्या हसल्या की बशीतल्या वड्या खाली सांडल्या. मग आनंदीबाई निघाल्या. दारात त्यांनी अम्मींचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला आणि मला म्हणाल्या, "हुदा, काही लागला तर हाक मार. आमची बेल वाजत नाय, हाकच मार."

काय लागणार होतं ते कळलं नाही.

संध्याकाळी आयात भाट्याच्या पुलावरून फोटो काढून आली. आयात माझी नणंद, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. म्हणाली, "भाभी, बघ ना, सूर्य बुडताना—" आणि अम्मी आतून ओरडल्या, "आयात!" आयात म्हणाली, "सॉरी, सॉरी. दिवस घरी जाताना."

ह्या घरात तसंच म्हणतात. मी सावर्ड्याची, माझ्या वडिलांचं हायवेवर टायरचं दुकान. आमच्याकडे सूर्य सरळ बुडतो. लग्न होऊन आले तेव्हा मला हा लाडिक बोलण्याचा प्रकार वाटला होता. कळशी विहिरीत पडली तर इथे ती 'खाली बसते'. कढीत मीठ जास्त झालं तर एक बटाटा 'आत सोडतात'. वाक्प्रचार म्हणून मजेशीर आहेत.

१७ जानेवारी, शनिवार

जहाजाचा ठिपका हलला. आता तो समुद्रात नाही. किनाऱ्यापासून बराच आत, वाळवंटात, एका विमानतळाच्या जवळ दिसतो आहे.

कारण तांत्रिक आहे. जहाजाचा सिग्नल मधे चालू झाला असावा, पण त्या भागात कोणीतरी खोटे सिग्नल सोडतं, त्यामुळे जहाजांची जागा चुकीची दिसते. शेजारी आणखी पुष्कळ जहाजं त्याच वाळवंटात उभी आहेत. मी तीन वेगळ्या साइटवर खात्री केली. मग पुन्हा पहिल्या साइटवर केली.

जेवताना सांगितलं. आयात म्हणाली, "म्हणजे भाऊ उंटावर बसलाय?"

अम्मी म्हणाल्या, "उंटाचा काय होईल गो बिचाऱ्याचा!"

मग दोघींना हसू आवरेना. तव्यावरचं घावन करपून धूर निघाला तरी अम्मी हसत होत्या. अम्मींचं घावन करपलेलं मी लग्नापासून पाहिलं नव्हतं.

मी हसले नाही. विनोद मला उशिरा कळतात, असं जुनेद म्हणतो.

१९ जानेवारी, सोमवार

हे सविस्तर लिहायला हवं.

सकाळी अम्मी मागच्या पडवीत कोलंबी सोलत होत्या आणि मालमचं गाणं म्हणत होत्या. त्या घरात काम करताना गातात हे मला माहीत होतं, पण मी कधी लक्ष देऊन ऐकलं नव्हतं. माझ्याकडे कॅसेट होत्या. आज दुसरं काही करत नव्हते, फोन चार्जिंगला होता, म्हणून ऐकलं.

खजूर झाला. अत्तर झालं. मग अम्मींचे शब्द थांबले. चाल थांबली नाही. ओठ मिटून त्यांनी 'उं उं उं' असं दोन ओळी लांबीचं गुणगुणलं आणि मग 'सगळ्यांत जड त्याचा उशीर गो' पासून पुन्हा शब्द सुरू झाले.

पुन्हा म्हटलं तेव्हा पुन्हा तिथेच. त्याच जागी.

मी विचारलं, "अम्मी, मधल्या ओळी विसरलात?"

"कुठल्या ओळी?"

"अत्तरानंतर गुणगुणलात त्या."

"घसा बसलाय माझा," अम्मी म्हणाल्या आणि लगेच उरलेलं गाणं मोकळ्या घशाने म्हटलं.

आयात बाहेर पडताना चप्पल शोधत होती. मी तिला गाठून विचारलं, अम्मी त्या ओळी विसरल्या का.

"विसरेल कशाला! भाऊ घरी असला की म्हणते की सगळं."

"आणि नसला की?"

"नसला की असं." तिनेही गुणगुणून दाखवलं.

"त्या ओळींचे शब्द तुला येतात?"

आयातला शंभर सिनेमांची गाणी पाठ आहेत. ती म्हणाली, "नाही बाई आठवत," आणि एक चप्पल हातात घेऊनच पायऱ्या उतरली.

तर ज्या ओळी मी नंतरची भर म्हणून बाजूला ठेवल्या, त्या भर नाहीत. त्यांची जागा गाण्यात आहे. माणूस समुद्रावर असला की त्या जागी शब्द येत नाहीत, एवढंच.

प्रश्न असा की कॅसेटमध्ये हे गुणगुणणं मला ऐकू का आलं नाही.

२० जानेवारी, मंगळवार

उत्तर मिळालं. ऐकू आलं नाही कारण मी ते काढून टाकलं होतं.

जुन्या कॅसेटमध्ये खरखर असते, पंख्याची घरघर असते. ती साफ करताना मी प्रोग्रॅमला सांगितलं होतं की जिथे शब्द आहेत तेवढेच भाग ठेव, बाकी आवाज गोंगाट धर. गुणगुणण्यात शब्द नसतात. ते पंख्याबरोबर गेलं. अहवालात ह्याबद्दल माझंच एक वाक्य आहे : 'शब्दविरहित भाग वगळले आहेत.'

आज मूळ कॅसेट लावल्या, साफ न केलेल्या. बसून ऐकल्या. खजूर, अत्तर, आणि मग एकामागून एक बाई ओठ मिटते. कोणी नाकातून, कोणी घशातून, एकीने तर त्या जागी नुसत्या बांगड्या वाजवल्या आहेत. गेलेल्या बायका. आप्पा मधे खोकतात तरी त्या थांबत नाहीत.

भीती नाही असं मी ज्यांच्याबद्दल लिहिलं त्या ह्या.

मॅडमना फोन केला.

"गुणगुणणं म्हणजे डेटा नाही, हुदा. बायका ओळी विसरतात. मीसुद्धा आरतीत निम्मं गुणगुणते."

"आरतीत तुम्ही दर वेळी वेगवेगळ्या जागी गुणगुणता. इथे जागा एकच आहे."

"मग योगायोग नाही हे दाखव. पण एक लक्षात ठेव, हे खरं निघालं तर आपलं शीर्षक गेलं."

"हो."

"आणि तू जरा झोपत जा. आवाज कसा येतोय तुझा."

फोनच्या रेंजचा प्रश्न असावा.

२१ जानेवारी, बुधवार

आज एक चूक केली. नोंद करून ठेवते.

तुलनेसाठी एकाच बाईकडून दोन्ही प्रकार हवे होते : शब्दांशिवाय आणि शब्दांसह. शब्दांशिवाय अम्मींचं सोमवारी ऐकलं होतं. दुपारी अम्मी निवांत बसल्या होत्या तेव्हा फोन रेकॉर्डिंगला लावून त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, "अम्मी, ते गाणं म्हणाल? पूर्ण. मधल्या ओळींसकट."

"तो आला की म्हणीन."

"मला ह्या आठवड्यात हवं आहे. अहवाल पाठवायचा आहे."

"मग त्याला सांग लवकर ये."

"फक्त एकदाच, अम्मी. शब्द म्हटल्याने समुद्रात काही होत नसतं. हे तुम्हालाही माहीत आहे."

अम्मींनी माझ्याकडे पाहिलं. हसू गेलं होतं. मला वाटतं बारा दिवसांत पहिल्यांदाच.

"मना म्हायत हाय," त्या म्हणाल्या. "काही होत नाय. मना चांगला म्हायत हाय. तू शिकलीस म्हणून तुलाच म्हायत, असा नाय." मग उठल्या. "तो फोन उचल तिथून. त्याचा फोन आला तर तुझ्या रेकॉर्डिंगपायी लागायचा नाय."

रेकॉर्डिंग चालू असलं तरी फोन लागतो. हे मी त्यांना सांगितलं नाही.

इतके दिवस रोज काहीतरी गोड होत होतं, आज रात्रीच्या जेवणाला नव्हतं. वाटीचा आवाजसुद्धा मोठा वाटत होता. ह्या घरात इतकी शांतता मी पाहिली नव्हती. ती मला सहन होत नाही असं लक्षात आलं. हसणं परत यावं म्हणून मी उंटाचा विषय काढला. आयातने ताटातून मान वर केली नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

मॅडमनी सांगितलेली तपासणी पूर्ण झाली. आप्पांच्या एका सवयीमुळे ती शक्य झाली. गाणं सुरू होण्याआधी ते प्रत्येकीला तीन गोष्टी विचारत : नाव, मोहल्ला, आणि 'घरचं कोणी सध्या दर्यावर?' बहुतेक निव्वळ बोलतं करण्यासाठी विचारत असावेत. उत्तरं कॅसेटवरच आहेत. मी ती गाण्याचा भाग नाही म्हणून उतरवलीच नव्हती.

आता उतरवली. ज्यांनी 'मुलगा दर्यावर', 'मालक दर्यावर' असं सांगितलं, त्या त्या जागी गुणगुणतात. 'सगळे घरी हायत' म्हणणाऱ्या दोन्ही ओळी स्पष्ट म्हणतात, काही जणी तर हात आपटून. एक बाई दोनदा सापडली. आधीच्या वर्षी तिचा मुलगा बाहेर, पुढच्या वर्षी घरी. पहिल्यांदा ओठ मिटलेले, दुसऱ्यांदा शब्द.

योगायोग नाही.

त्या दोन ओळींचे शब्द अहवालात दिले आहेत. इथे पुन्हा उतरवण्याची गरज नाही.

अपवाद एकच. मरियमबू, राजिवडा. आप्पा विचारतात, 'घरचं कोणी दर्यावर?' ती म्हणते, 'माझा मालक.' आणि तरी दोन्ही ओळी म्हणते, सावकाश, एकेक शब्द सुटा. एकही अक्षर गिळत नाही. त्या जागी इतका स्वच्छ आवाज दुसऱ्या कोणाचा नाही.

एका अपवादाने नियम मोडत नाही. पण तो का आहे हे कळल्याशिवाय मी तो अहवालात घालणार नाही.

एजंटचा फोन लागला नाही. दुपारनंतर लागला. 'मॅडम, काही असतं तर आम्हीच कळवलं असतं.' वाक्याची रचना मला तपासावीशी वाटली. काही असतं तर.

२५ जानेवारी, रविवार

अम्मींशी बुधवारपासून कामापुरतंच बोलणं होतं. आज आंब्याच्या कलमांना दुसरी फवारणी होती. आम्ही दोघी बागेच्या कडेला उभ्या होतो, पदर नाकाला लावून. मोहर ह्या वर्षी भरपूर आहे.

मी म्हटलं, "अम्मी, मी त्या दिवशी विचारायला नको होतं."

"विचारलंस ना, आता काय," त्या म्हणाल्या. जरा वेळाने : "तुझ्या कॅसेटीत कोण कोण हाय?"

मी नावं सांगत गेले. प्रत्येक नावाला त्यांच्याकडे काहीतरी होतं. ही बिडी ओढायची, हिने तीन सुना पळवल्या, हिची कोलंबीची खिचडी. पुन्हा हसायला लागल्या होत्या. मला बरं वाटलं. मग मी मरियमबूचं नाव घेतलं आणि सांगितलं की तिचा नवरा दर्यावर होता तरी ती सगळं गाणं म्हणते.

पंपाचा आवाज येत होता.

"कोणी सांगितला तुला, दर्यावर होता म्हणून?"

"तीच सांगते. कॅसेटवर."

"ती सगळ्यांना तेच सांगायची. रेशनवाल्याला पण." अम्मींनी पदर सारखा केला. "त्यांचा गलबत मी जन्मायच्या आधी गेला. कोणी परत आला नाय. नवरा गेला की बाई इद्दतीला बसते, ती बसली नाय कधी. मोठे मोठे लोक येऊन सांगून गेले, मौलवी येऊन सांगून गेले, बाई, आता बस. ती म्हणायची, कशाला? माझा मालक दर्यावर हाय."

"मग त्या ओळी ती कशा म्हणायची?"

अम्मी माझ्याकडे बघत राहिल्या. मी काहीतरी फार सोपं विचारत असल्यासारखं.

"तिला ओठ मिटून आता काय राखायचा होता गो?"

मग पंपवाल्याला ओरडल्या, "अरे, वरच्या फांद्यांना मार! खाली काय गवताला अंघोळ घालतोस!"

अपवादाचं कारण मिळालं. अहवालात घालता येईल.

परत येताना अम्मींनी माझं मनगट धरलं होतं. चढ आहे, त्यांचा गुडघा दुखतो. घरी पोचल्यावर सपाटीवरही सोडलं नाही. मीही सोडवून घेतलं नाही.

२७ जानेवारी, मंगळवार

ठिपका अजून वाळवंटात.

एजंट म्हणाले की वेळापत्रक पाळलं गेलं असेल तर जहाज गुरुवारी त्या भागातून बाहेर यायला हवं. तिथून नेट मिळतं. नसेल पाळलं गेलं तर काय, ते मी विचारलं नाही. प्रश्न तयार होता. दुसरंच काहीतरी विचारलं, पत्ता बरोबर नोंदवला आहे का वगैरे.

आयात आज कॉलेजला गेली नाही. सर आजारी आहेत म्हणाली. मग तिघींनी मिळून खाजं केलं. कोणाकडेही लग्नकार्य नाही. डबा भरून झालं तेव्हा आनंदीबाई आल्या, डबा बघून म्हणाल्या, "अगो, गाव जेवायला घालताय की काय?"

अम्मी म्हणाल्या, "जुनेदचा वाटा आयातला देतंय. तो येईपर्यंत ती दारातून मावायची नाय."

सगळ्या हसलो. मी पण.

२८ जानेवारी, बुधवार

अहवाल पाठवला. शीर्षक बदललं आहे. निष्कर्षाचा परिच्छेद असा :

'ह्या गाण्यांत भीतीचे शब्द कमी आहेत, ह्यावरून गाणाऱ्या स्त्रियांना भीती वाटत नव्हती असं म्हणता येत नाही. माणूस समुद्रावर असताना ठरावीक ओळी शब्दांशिवाय म्हटल्या जात. आधीच्या मसुद्यात हे भाग गोंगाट समजून काढले गेले होते. ती चूक प्रस्तुत लेखिकेची. जिथे थट्टा सगळ्यात जास्त आहे तिथे पुन्हा ऐकण्याची शिफारस आहे.'

मॅडमचा लगेच फोन आला. "शीर्षक गेलं, पण हे त्याच्याहून चांगलं आहे. शेवटचं वाक्य अहवालाच्या भाषेत बसत नाही, तरी राहू दे." मग म्हणाल्या, "हुदा, तुझा नवरा पण जहाजावर असतो ना? कुठे आहे सध्या?"

मी म्हटलं, "दर्यावर." मग म्हटलं, "मॅडम, दुसरा फोन येतोय," आणि ठेवला. दुसरा फोन येत नव्हता.

दिवस घरी गेल्यावर जुनेदला मेसेज लिहिला. नेट मिळालं की त्याला एकदम मिळेल. अम्मींनी बजावलं होतं की त्याला इथलं काही जड पाठवू नकोस. मधे एक ओळ होती, ती पाठवण्याआधी काढली. बाकी जसाच्या तसा उतरवून ठेवते, कारण ह्या वहीत नोंदी पूर्ण असाव्यात.

'जुनेद,

इंटरनेटच्या म्हणण्यानुसार तुझं जहाज वाळवंटात आहे. उंटाला डिझेल किती लागतं ते इंजिनिअर म्हणून कळव. अम्मींना उंटाची दया येते, तुझी कोणालाच नाही. कलमांची दुसरी फवारणी झाली. मोहर चांगला आहे, तुझ्यापेक्षा वेळेवर आला. खाजं केलं आहे. तुझा वाटा आयात खाते. तू आलास तर दार मोठं करायला सुतार बोलवावा लागेल, म्हणून येताना करवत घेऊन ये. खजूर नको, अत्तर नको. उशीर तर मुळीच आणू नकोस, तो तुझ्याआधी येऊन बसला आहे, ओसरीवरच आहे.

शुक्रवारपर्यंत उत्तर दे. एक अक्षर चालेल.

हुदा'